अब्बा डामाचा हात

गुद्देता नावाचा माणूस कुठं राहतो, असं आमच्या तळ्याकाठच्या गावात विचाराल तर लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघतील. गिरणीवाला तर सरळ सांगेल, "असला कुणी नाही इथं." पण अब्बा डामा म्हणालात, की तोच गिरणीवाला पिठानं माखलेलं बोट लांब करून घर दाखवेल. डामा म्हणजे तांबडा घोडा, आणि अब्बा डामा म्हणजे त्या तांबड्याचा बाप. पूर्वी आमच्याकडं लढाईवर जाणाऱ्या सरदारांना त्यांच्या घोड्यांच्या नावानं ओळखायचे. गुद्देता कुठला सरदार! मोजो शहराच्या रस्त्यावर टांगा हाकणारा माणूस. पण नाव मिळालं ते सरदाराचं, आणि चौदा वर्षं त्यानं ते मिरवलं. कुणी लांबून "अब्बा डामा!" अशी हाक दिली, की उजवा हात डोक्याच्या वर नेऊन तो असा हलवायचा, की वाटावं हा माणूस निवडणुकीलाच उभा राहिलाय.

त्याची सगळी ऐट एकाच गोष्टीची होती. त्याच्या टांग्यात चाबूक नव्हता.

टांग्यांच्या अड्ड्यावर उंबराच्या झाडाखाली त्याची जागा तिसरी आणि हुन्देची चौथी. हुन्दे म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा दोस्त आणि रोजचा भांडखोर. हुन्देच्या चाबकाला ट्रकच्या टायरची पट्टी लावलेली होती, आणि तो चाबूक हवेत कमी आणि घोड्यावर जास्त वाजायचा. गुद्देतानं त्यावरून तोंड सोडलं नाही असा दिवस गेला नाही.

"लाज वाटते का रे हुन्दे? बिचाऱ्याच्या पाठीचं पायपुसणं करून टाकलंस."

"तुझा प्रेमानं चालतो, माझा भीतीनं चालतो. मोजोला दोघं एकाच वेळी पोचतात. मग फरक काय पडला?"

"फरक काय ते घोड्याला विचार."

"विचारलं ना! म्हणाला, जव दे आणि तोंड बंद ठेव."

अड्डा हसायचा. गुद्देताही हसायचा, पण मनातून त्याला वाटायचं, की आपण काही वेगळे आहोत. आणि होताच. डामाला तो नुसत्या आवाजानं हाकायचा. "चल बाप्पा," म्हटलं की चालायचा, "हां हां" म्हटलं की थांबायचा. सकाळी म्होरकी घेऊन गोठ्यात गेलं, की तिची पितळी घंटी वाजल्याबरोबर डामा आपणहून मान खाली घालायचा, म्होरकीत तोंड घालायचा. जबरदस्ती नाही, ओढाताण नाही. त्या म्होरकीला तांबड्या लोकरीचा गोंडा होता. तो गोंडा गुद्देताची मुलगी मिस्राक हिनं आठ वर्षांची असताना विणला होता. डामा घरी आला ते त्याच वर्षी.

आता मिस्राक बावीस वर्षांची झाली होती आणि बाजारापलीकडच्या घोड्या-गाढवांच्या दवाखान्यात कामाला होती. डॉक्टरांच्या हाताखाली जखमा धुवायच्या, जांभळं औषध लावायचं, नाल ठोकताना पाय धरायचा. पोरगी बापासारखी बोलघेवडी नव्हती. जे दिसलं ते सांगायची, आणि जनावराच्या दुखण्याबद्दल कुणाला बरं वाटावं म्हणून कधी खोटं बोलायची नाही. लोक विचारायचे, "वाचेल ना गं?" ती नाही म्हणायची तेव्हा ते नाहीच असायचं.

पहिली ठिणगी तिनंच टाकली होती, दोनेक वर्षांपूर्वी. एका संध्याकाळी डामाच्या छातीवरचा पट्टा उचलून तिनं बापाला आत बघायला लावलं. आत कातडी सोलवटून लाल झालेली.

"चाबूक नाही हे खरं, बाबा. पण हे काय?"

"थोडं घासतंच गं. लोणी-मीठ लावतो मी."

"मिठानं झोंबतं त्याला. तो बोलत नाही म्हणून दुखत नाही असं थोडंच आहे?"

गुद्देताच्या वर्मी लागलं. दोन दिवस तो पोरीशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र बायकोची, आस्नाकेचची, चांगली जाड शाल फाडून त्यानं पट्ट्याला आतून गादी शिवली. आस्नाकेच म्हणाली, "मला थंडी वाजली तर तो पट्टा मीच घालून बसेन." पण तिनं सुई ओवून दिली.

तर असा हा माणूस. आणि अशा माणसावर ती वेळ आली.

पावसाळा संपत आला होता. नगरपालिकेनं गिरणीच्या उतारावर नवीन दगडी फरशी घातली होती, आणि सकाळपासून झिमझिम चालू होती. टांग्यात दोन बायका आणि टेफ नावाच्या बारीक धान्याच्या पिठाची चार पोती. उताराच्या मध्यावर डामाचा पुढचा पाय घसरला. टांग्याचं सगळं वजन मागून आलं आणि काटकी मोडावी तसा आवाज झाला. बायका उड्या टाकून पळाल्या. गुद्देतानं खाली उतरून टांग्याला स्वतःचा खांदा दिला, आणि लोक येऊन डामाला मोकळा करीपर्यंत तो तसाच रेटून उभा राहिला. डामा तीन पायांवर उभा होता. चौथा गुडघ्याच्या खाली भलत्याच बाजूला लोंबत होता.

मिस्राक धावत आली. तिनं पायाला हात लावला आणि गुद्देताला तिच्या तोंडावरूनच कळलं. तरी त्यानं विचारलं.

"बसेल ना गं हाड?"

"नाही, बाबा."

"बांधून तर बघ."

"बांधते. पण आज रात्रीपुरतं. डॉक्टर मोजोला गेलेत, उद्या सकाळी येतील. मग..." तिनं बापाकडं न बघता कामट्या लावल्या, पट्टी गुंडाळली, दुखणं मारणारी सुई दिली. "मग झोपेचं इंजेक्शन देतील. त्याला कळणारसुद्धा नाही. तुम्ही धरा त्याला."

चौघांनी आधार देत डामाला कसाबसा घराच्या अंगणात आणला. मिस्राकनं चारा घातला, पाणी ठेवलं आणि बजावलं, "ह्याला अजिबात हलवू नका." मग ती दवाखान्यात गेली, तिथं आणखी जनावरं खोळंबली होती.

आता गुद्देताच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही त्याला दगडाच्या काळजाचा ठरवून मोकळे व्हाल. त्याच्या बापानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. ज्याचं मांस आपण खात नाही त्याचा जीव आपण घ्यायचा नाही. आणि राबलेलं जनावर बांधलेलं मरू द्यायचं नाही. त्याची म्होरकी काढायची, आशीर्वाद द्यायचा, चांगल्या गवतात सोडायचं. पुढचं देव बघतो. त्याच्या बापानं तीन घोडे असे सोडले होते, आजोबानं किती ते माहीत नाही. अख्ख्या गावात असंच करतात. आणि आता पोटची पोरगी म्हणत होती, की चौदा वर्षं ज्यानं आपल्याला पोसलं त्याला धरून ठेव, मी त्याला मारवते. ज्या घोड्यावर कधी हात उगारला नाही, त्याला मरताना आपला हात लागायचा? हे त्याच्या घशाखाली उतरेना. डामानं आपल्या हाताखाली मरू नये, एवढंच त्याला हवं होतं.

हुन्दे बघायला आला. कुंपणाला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "सोडणार असशील तर आत्ताच सोड. सुईचा गुण आहे तोवर चालेल तो."

"तळ्याच्या पलीकडं नेतो. मिकाएलच्या चर्चखालच्या कुरणात. गवत आहे, पाणी आहे."

"ने. पण सोडताना दगड मारावा लागतो बरं का, अब्बा डामा. नाहीतर तुझ्याआधी घरी पोचेल तो."

"तो तुझा घोडा असेल तसला," गुद्देता म्हणाला. "माझ्याला सांगितलेलं कळतं."

आस्नाकेच चुलीपाशी कॉफी भाजत बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती एवढंच म्हणाली, "पोरीला विचारा आधी." गुद्देतानं म्होरकी धरली आणि निघाला.

एरवीची अर्ध्या तासाची वाट. त्या दिवशी दुपार सरली. दहा पावलं, थांबणं. पुन्हा दहा पावलं. डामा घामानं निथळत होता, पण "चल बाप्पा" म्हटलं की चालत होता. शिकवलंच होतं तसं. वाटेत ओळखीच्या बायका थांबून छातीवर क्रूस काढत होत्या, आणि एकीनं आपल्या पदरातले भाजके जव डामाच्या तोंडापुढं धरले. त्यानं ते खाल्ले नाहीत.

कुरण खरंच हिरवंगार होतं. गुद्देतानं जागा निवडली, ओढ्याजवळची. म्होरकी काढली, खांद्यावर टाकली. डामाच्या कपाळाला कपाळ लावून तो बापाचे शब्द म्हणाला, "खाल्लंस ते तुझं, ओढलंस ते माझ्यावर ऋण. मी तुला सोडलं, तू मला माफ कर." मग मान फिरवून चालायला लागला.

मागून आवाज आला. तीन टापांचा आवाज, एक चुकलेला.

त्यानं वळून पाहिलं. डामा येत होता. खांद्यावरच्या म्होरकीची घंटी वाजत होती ना! गुद्देतानं घंटी मुठीत दाबून धरली. "हां हां," म्हणाला. डामा थांबला. गुद्देता चालायला लागला, की पुन्हा टापा. त्यानं "जा" म्हटलं. पण जा हा शब्द त्यानं चौदा वर्षांत कधी शिकवलाच नव्हता. चल आणि हां हां, एवढंच त्या घोड्याला येत होतं. त्यानं हात हलवले, ओरडला, रडला, हात जोडले. डामा आपला लोंबता पाय सांभाळत आणखी चार पावलं जवळ आला.

गुद्देतानं मातीचं ढेकूळ उचललं आणि मुद्दाम बाजूला फेकलं. डामानं त्या ढेकळाकडं पाहिलं आणि पुन्हा त्याच्याकडं. मग गुद्देतानं दगड उचलला. हात डोक्याच्या वर नेला. दगड डामाच्या खांद्यावर लागला, पट्ट्याची गादी असायची त्याच्या जरा वर.

डामा जागच्या जागी उभा राहिला. पळाला नाही, ओरडला नाही. पण पुढंही आला नाही. गुद्देता मागं न बघता चालत सुटला तो थेट घरापर्यंत.

संध्याकाळी मिस्राक आली, तेव्हा अंगण मोकळं होतं.

"कुठं आहे तो?"

"सोडला."

"तीन पायांचा घोडा सोडलात? कुठं सोडलात, बाबा?"

"देवाच्या हातात सोडला."

"देवाच्या नाही, तरसांच्या!" पोरगी आयुष्यात पहिल्यांदा बापावर ओरडली. "मी बघते ना रोज सकाळी! आमच्याकडं आणतात ती सोडलेली. मागून खाल्लेली असतात, आणि जिवंत असतात. पळता येत नाही त्यांना. कुठं सोडलात सांगा, मी जाऊन बसते त्याच्यापाशी. डॉक्टर येईपर्यंत बसते."

"आणि सकाळी सुई टोचणार."

"हो, टोचू! तुम्हाला तो तुमच्या हातानं मरायला नकोय. तो कसा मरतो त्याचं तुम्हाला काही नाही!"

गुद्देतानं सांगितलं नाही. तिनं पाय धरले, आस्नाकेचनं शिव्या घातल्या, तरी सांगितलं नाही. आपण बोललो तर आपला दगड फुकट गेला, असलं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं होतं. बावळटपणा तो! पण माणूस दुःखात असला की बावळटपणालाच धर्म म्हणून कवटाळतो. मिस्राक एकटीच तळ्याच्या अलीकडच्या काठानं हाका मारत हिंडली आणि अंधार पडल्यावर परत आली. त्या रात्रीचं मी काही सांगत नाही. तरसं ओरडली, आणि घरात तिघं जागे होते.

उजाडता उजाडता हुन्दे दारात आला. त्याच्या अंगावर नेहमीची शाल नव्हती.

"अब्बा डामा, चल."

"कुठं?"

"अड्ड्यावर. घोडा आलाय तुझा."

गुद्देतानं खुंटीवरची म्होरकी घेतली. का घेतली ते त्यालाच माहीत. मिस्राक त्याच्या आधीच धावत सुटली होती, दवाखान्याकडं.

उंबराखाली टांगे लागायला सुरुवात झाली होती. पहिला, दुसरा, आणि तिसऱ्या जागेवर डामा. टांगा नाही, लगाम नाही, तीन पायांवर आपल्या जागी उभा. कामावर आला होता. मांड्यांवर हुन्देची शाल पांघरलेली, आणि त्या पांढऱ्या शालीतून रक्त खाली ठिबकत होतं. शालीखाली काय होतं ते हुन्देनं कुणाला बघू दिलं नाही.

"पहाटेपासून उभाय," हुन्दे म्हणाला. एवढा रांगडा गडी, पण त्याचा आवाज फाटला होता. "मी मारतो रे माझ्याला. रोज मारतो, तू रोज शिव्या देतोस. पण माझ्या घोड्याला ठाऊक असतं, की मी मारणार. ह्याला कुठं ठाऊक होतं?"

गुद्देता पुढं गेला. डामाचे डोळे अर्धे मिटलेले होते. त्याच्या कपाळावर ठेवायला म्हणून गुद्देतानं हात वर उचलला.

डामा दचकला. मान झटक्यानं मागं घेतली, कान पाडले, आणि त्या तीन पायांवर मागं सरकायला गेला आणि पडता पडता सावरला.

चौदा वर्षं ज्या हाताखाली त्यानं आपणहून मान घातली, तोच हात. गुद्देताचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यानं तो हळूहळू खाली आणला, आणि मागं नेऊन दुसऱ्या हातानं पकडून ठेवला.

मिस्राक आणि डॉक्टर आले. डॉक्टरांनी शाल जराशी उचलली, परत टाकली आणि पेटी उघडली. मिस्राक डामाच्या मानेवरून, पाठीवरून हात फिरवत होती. खांद्यावर तिचा हात थांबला. जखमा ओळखणं हा तिचा धंदाच.

"हा दातांचा घाव नाही," ती म्हणाली.

"दगडाचा आहे," गुद्देता म्हणाला. "मी मारला."

पिशवीतून तिनं जांभळं औषध काढलं, बोळा भिजवला, आणि तो एवढासा घाव नीट पुसून त्यावर औषध लावलं, जणू तो आठ दिवसांत भरून येणार होता. मग डॉक्टर म्हणाले, कुणीतरी डोकं धरायला हवं, हलला तर सुई चुकेल. मिस्राकनं बापाकडं पाहिलं.

"मला नको देऊ धरायला," गुद्देता म्हणाला. "माझ्या हाताला भितोय तो."

"म्होरकी आहे ना तुमच्याजवळ," ती म्हणाली. "ती धरा नुसती."

त्यानं दोन्ही हातांनी म्होरकी खाली धरली, गुडघ्यापाशी. घंटी वाजली. डामानं डोळे उघडले, मान खाली घातली, आणि आपणहून म्होरकीत तोंड घातलं. रोज सकाळी घालायचा तसंच.

"चल बाप्पा," गुद्देता म्हणाला. तेवढेच शब्द त्या घोड्याला येत होते. डॉक्टरांनी सुई दिली, आणि डामा आधी गुडघ्यावर आणि मग कुशीवर गेला. गुद्देता खाली मातीत बसून राहिला आणि पोरासारखा हमसाहमशी रडला.

ह्याला आता तीन वर्षं झाली. हुन्देच्या टांग्यात अजून चाबूक आहे. पण त्याचा घोडा थकला, तेव्हा तो कुणाला न सांगता त्याला घेऊन सकाळी दवाखान्यात गेला आणि मिस्राकला म्हणाला, "तुझ्या त्या सुईचं बघ बाई." गुद्देतानं दुसरा घोडा घेतला नाही. तो गिरणीत पोती शिवायला बसतो. लोक अजून त्याला अब्बा डामाच म्हणतात, दुसरं नाव कुणाला माहीत आहे?

मध्यंतरी कॉफी पिताना त्यानं पोरीला एकदाच विचारलं. "मिस्राक, तो जो दचकला ना गं... मला ओळखून दचकला, की न ओळखता?"

मिस्राकनं कप खाली ठेवला. दुसरा कप ओतून होईपर्यंत तिनं वेळ काढला.

"न ओळखता, बाबा. रक्त फार गेलं होतं. दिसत नव्हतं त्याला."

जनावराच्या दुखण्याबद्दल ती कधी खोटं बोलली नव्हती. अंधारात तळ्याला वळसा घालून जो आपल्या जागेवर येऊन उभा राहिला, त्याला दिसत नव्हतं म्हणे. गुद्देतानं तिच्याकडं पाहिलं आणि मान हलवली.

"हां. दिसत नसेल," तो म्हणाला.

आताही कुणी रस्त्यातून "अब्बा डामा!" अशी हाक देतं. तो थांबतो, हसतो, मान लववतो. हात मात्र शालीच्या आतच ठेवतो, वर उचलत नाही. नवीन लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचा खांदा धरला असेल.